खिडकीतलं पिवळं

प्लंबरने स्वयंपाकघरातला नळ पान्याने फिरवून सोडवला, आतला वॉशर काढून दोन बोटांत दाबला, आणि तो वाळलेल्या मातीसारखा चुरला. रबराने असं चुरायचं नसतं. त्याने हात पुढे करून तो काळा चुरा तिला दाखवला.

"वहिनी, वर्षातला हा तिसरा. औषधानं खाल्लाय."

"कसल्या औषधानं?"

"पाण्यातल्या. क्लोरीन जास्त झालं की रबराचं असंच होतं." तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "गंमत सांगू का, गल्लीतले सगळे नळ मीच बघतो. कुणाचा गळतो, कुणाचा गंजतो, कुणाच्या नळाला पोरं लोंबकळतात. पण वॉशर असा फक्त तुमच्याकडेच जातो. तुम्हाला पाणी वेगळं येतं की काय, देव जाणे."

"ऑपरेटरचं घर आहे ना," ती हसून म्हणाली. "आम्हाला जरा ताजं येत असेल."

"असेल बुवा. नवा नळ घेऊन तीन-चारपर्यंत येतो. तोवर गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद ठेवलाय. पाणी लागलं तर बाहेर मीटरजवळच्या नळाचं घ्या, तो थेट लायनीवर आहे."

तो गेला. तिने सिंक पुसलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एक तारीख होती, आणि एक तारीख म्हणजे पाणी तपासायचा दिवस.

हे तपासण्याचं प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. गल्लीत घरं बावीस, आणि त्यातली वीस तेव्हा प्यायला जारचं पाणी आणायची. पालिकेचा नळ धुण्याभांड्यांपुरता. त्याचं बिल भरायचं म्हटलं की सगळ्यांच्या पोटात दुखायचं. पाणी काय, आभाळातून पडतं, त्याचे पैसे कसले मागता, असा एकूण सूर. मग पालिकेने प्रत्येक गल्लीतल्या एका बाईला बोलावून तीन दिवस शिकवलं आणि जाताना हातात एक निळी पेटी दिली. पेटीत काचेच्या तीन नळ्या, एक थेंबांची बाटली आणि रंगांचा कागद. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, जंतूंचा निकाल लागलेला आहे, खुशाल प्या. रंग आला नाही तर पिऊ नका.

या गल्लीतून तिचंच नाव जाणार हे उघड होतं. एक तर तिचा नवरा पाणी शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर, आणि दुसरं म्हणजे तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ती घरोघर फिरली. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तिला दारातच अडवलं होतं, पाण्यासारख्या गोष्टीचे पैसे घेता, लाज कशी वाटत नाही म्हणून.

"पाणी फुकटच आहे, मास्तर," ती म्हणाली होती. "नदीवर जा आणि हवं तेवढं आणा, कोणी अडवणार नाही. पण ते उपसायचं, गाळायचं, त्यात औषध घालायचं आणि तुम्ही अंथरुणात असताना तुमच्या स्वयंपाकघरात आणून सोडायचं, याला माणसं लागतात. पैसे त्या माणसांचे. ग्लास तोंडाला लावताना आत बघावं लागू नये, त्याचे."

"आणि त्या माणसांनी औषध घातलंच नाही तर?"

इथे तिने हुकमाचं पान टाकलं होतं.

"औषध घालणारा माणूस माझ्याच घरात जेवतो, मास्तर. तो स्वतःच्या लेकीला घाण पाणी पाजेल का?"

दोन-तीन महिन्यांत जारवाल्याचा टेम्पो गल्लीत यायचा बंद झाला. आणि तिने सहज म्हणून केलेल्या एका गोष्टीची पद्धत पडून गेली. तपासलेली नळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, गल्लीच्या बाजूला, जुन्या पेनस्टँडमध्ये उभी करून ठेवायची. दर पाच तारखेला बिलाचा माणूस येई. त्याआधी बायका येताजाता मान वर करून खिडकीत बघायच्या, "पिवळं आहे ना गं?" असं विचारायच्या आणि पैसे काढून ठेवायच्या. पोरं तिला पिवळीताई म्हणायला लागली. तिला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं.

तर पिवळीताईने पेटी उचलली आणि ती मीटरजवळच्या नळापाशी जाऊन वाकली. इथे वाकण्याची तिची सवय मोडली होती. शिकवताना त्यांनी बजावून सांगितलं होतं, पाणी थेट लायनीचंच घ्या, टाकीचं नको. पहिलं वर्षभर तिने तसंच केलं. मग गेल्या उन्हाळ्यात तिची कंबर धरली, तेव्हा नवराच म्हणाला होता, "उन्हात बाहेर कशाला वाकतेस? किचनच्या नळाचं घे. पाणी तेच आहे." ऑपरेटरच म्हणतो म्हटल्यावर प्रश्नच मिटला. उलट त्याला आपल्या कंबरेची एवढी काळजी आहे, हे तिने समोरच्या टेलरमावशींना दोनदा सांगितलं होतं.

तिने नळी भरली. पाच थेंब टाकले. बूच लावून हलवली.

पाणी जसं होतं तसंच राहिलं.

तिने आणखी दोन थेंब टाकले. मग नळी आकाशाकडे धरली. पलीकडचं कुंपण, दोरीवरचा टॉवेल, सगळं आरपार स्वच्छ दिसत होतं. थेंब जुने झाले असावेत, ती मनाशी म्हणाली. बाटलीवरची तारीख बघितली तर ती पुढच्या वर्षीची होती.

ती घरात आली. सकाळी नळ गळायला लागायच्या आधी तिने प्यायच्या पाण्याचं भांडं भरून ठेवलं होतं. त्यातलं पाणी दुसऱ्या नळीत घेऊन ती थेंब टाकायला लागली, आणि तिसऱ्या थेंबालाच पिवळा रंग खाली उतरायला लागला. नेहमीसारखा, छान, डोळ्यांत भरणारा.

दोन्ही नळ्या हातात धरून ती ओट्यापाशी उभी राहिली. थेंब ठणठणीत होते.

टेलरमावशी समोरच्याच घरात राहायच्या. दार कधी बंद नसायचं, मशीनचा आवाज ऐकला की त्या घरी आहेत असं समजायचं. आत कॉटवर त्यांची सात वर्षांची नात पडून होती. तीन आठवडे झाले, कावीळ. अंगावरचं उतरलं होतं, पण पापण्या उघडल्या की आतला पिवळा रंग अजून दिसायचा. मावशी मशीन थांबवून चष्म्यावरून बघायला लागल्या.

"आज इकडे कुठे पेटी घेऊन?"

"तुमच्याही नळाचं बघावं म्हटलं."

"बघ की. आमचं काय, तुझ्यासारखंच असणार."

मावशींच्या घराला टाकी नव्हती, नळ थेट लायनीवर होता. तिने पाठमोरी उभी राहून नळी भरली, थेंब टाकले. हलवली. पुन्हा हलवली. नळीत काहीच झालं नाही.

"पिवळं आहे ना गं?" मावशींनी मागून विचारलं. चष्मा जवळचा, लांबचं त्यांना धूसर दिसायचं.

"थेंब जुने झालेत वाटतं, मावशी," ती म्हणाली. "नवे मागवते."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. आवाज आपला आपल्यालाच परका वाटला. कॉटवरून पोरगी म्हणाली, "पिवळीताई, मला कधी करून दाखवणार?" आणि ती "दाखवते हं" म्हणत जवळजवळ पळतच बाहेर पडली.

घरी येऊन तिने पेटी ठेवली आणि जिना चढून गच्चीवर गेली. गच्चीवर जायचं तिला काही कारण नसायचं. दर रविवारी नवरा जायचा, टाकी बघून येतो म्हणायचा, दहा मिनिटांत खाली यायचा. आपला नवरा टाकी कशी लख्ख ठेवतो, हेही तिने गल्लीला सांगून झालं होतं. टाकीच्या मागे, भिंतीच्या फटीत, त्याचा जुना शर्ट बोळा करून कोंबलेला होता. तिने तो ओढला. आत पांढरा प्लास्टिकचा कॅन होता, दुकानात मिळतो तसा, क्लोरीनच्या द्रावणाचा. आणि कॅनच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं एक मोजायचं टोपण. ते टोपण तिने लगेच ओळखलं. लेकीच्या खोकल्याच्या औषधाचं होतं. हरवलं म्हणून मागे सगळं घर शोधून झालं होतं.

वरच्या उन्हात ती तशीच खाली बसली. टोपणावर त्याने सुईने ओरखडून एक बारीक रेघ काढलेली होती, चुकून कमीजास्त व्हायला नको म्हणून. इतकी काळजी घेतलेली बघून तिला आधी बरं वाटलं, हे तिचं तिला नंतर फार लागलं.

नवरा अडीचला आला. पहिली पाळी, सकाळी सहा ते दोन. त्याने डबा ओट्यावर ठेवला, बिननळाच्या भोकाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कॅनकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मी तुम्हाला विचारतेय, आणि एकदाच विचारतेय."

त्याने टेबलाच्या कडेवरून नख फिरवलं.

"उन्हाळ्यात डोसिंग पंप गेला," तो म्हणाला. "औषध सोडणारा. साहेब म्हणाले, पार्ट येतोय, चार दिवसांची गोष्ट आहे. चार दिवस ब्लीचिंग पावडर हातानं घातली. मग पावडर संपली. पार्ट काही आला नाही."

"आठ महिने झाले."

"पाणी गाळून येतंच आहे. अगदीच काही—"

"केंद्रावरच्या वहीत क्लोरीनचा आकडा काय लिहिता?"

"शून्य पॉइंट पाच."

"रोज?"

"कधी शून्य पॉइंट सहा लिहितो. रोज एकच आकडा बरा दिसत नाही."

हे तो इतकं सरळ बोलला की तिला क्षणभर हसूच येईल असं वाटलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापासून लपवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकदा हरवलेली छत्री, असं ती चारचौघींत सांगायची.

"आणि आपल्या टाकीत टोपणानं मोजून."

"मग काय करायचं होतं? तुम्हा दोघींना तसलं पाणी पाजू?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "काही होऊ दिलं का मी तुम्हाला? एक दिवस पोट बिघडलं का पोरीचं?"

"समोरच्या पोरीचं बिघडलं."

"ते पाण्यानंच झालं असं कोण म्हणतं?"

"तुम्ही. आठ महिने दर रविवारी गच्चीवर चढून तुम्हीच म्हणताय."

बाहेर मावशींचं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिने कॅनचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू गल्लीला सांगितलं असतंस."

"हो."

"म्हणूनच. नोकरीत कायम होऊन मला किती दिवस झालेत? आकडा खरा लिहिला की पहिली सही माझी, पहिली चौकशी माझी. साहेब हात वर करून मोकळे. आणि साहेब म्हणाले, तुमच्या भागातून एकही तक्रार नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांतून येतात, तुमच्याकडून नाही." तो थांबला. आपण नको ते बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"आमच्याकडून का नाही?" तिने विचारलं.

तो खिडकीकडे बघत होता. खिडकीत पेनस्टँड होता, गेल्या महिन्याची फिकट झालेली पिवळी नळी होती.

"साहेबांना माझ्या खिडकीचं माहीत आहे?"

"मीच सांगितलं होतं कधीतरी," तो म्हणाला. "कौतुकानं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आगीच्या मागून लाज आली. लाज जास्त होती. तिनेच दारोदार जाऊन लोकांचे जार बंद केले होते. आजारी पोरीच्या आजीला, घाबरू नका, पाणी चोख आहे, दुसरीकडे कुठे काही खाल्लं असेल, असं मागच्याच आठवड्यात समजावलं होतं. मास्तरांच्या दारात केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती, तो स्वतःच्या लेकीला पाजेल का. नाहीच पाजलं त्याने. शब्दाला जागला होता.

आणि कंबर. तिला राहून राहून त्या कंबरेचं वाईट वाटत होतं. बाहेर कशाला वाकतेस, म्हणाला होता.

तिने गेल्या महिन्याची नळी सिंकमध्ये ओतली. मीटरजवळच्या पाण्याची, बिनरंगाची नळी पेनस्टँडमध्ये उभी केली आणि पेनस्टँड खिडकीत ठेवला.

"असं करू नकोस," तो म्हणाला. "दोन दिवस थांब. मी उद्या साहेबांशी बोलतो. पावडर तरी मागवतो."

"मागवा की. मी कुठे नको म्हणतेय?"

"दोनच दिवस. लोक काय म्हणतील, माझं काय होईल, याचा विचार कर जरा."

"लेकीला क्लासवरून आणायचंय," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या. खरं तर अजून तासभर होता. पण त्या घरात त्याच्यासमोर बसून राहणं तिला शक्य नव्हतं.

ती उगाच लांबच्या रस्त्याने गेली. क्लासच्या बाहेर कट्ट्यावर बसून राहिली. गल्लीतल्या एखादीने एव्हाना मान वर केली असेल, विचारलं असेल, आता घरी गेल्यावर दारात चार जणी उभ्या असतील, त्यांना काय आणि कसं सांगायचं, याची ती जुळवाजुळव करत होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं की नाही, इथे येऊन तिचं वाक्य दर वेळी अडत होतं. नवरा वाईट नव्हता. हेच तर अवघड होतं. वाईट असता तर वाक्य केव्हाच पूर्ण झालं असतं.

लेक बाहेर आली, दप्तर आईच्या खांद्यावर टाकून बडबडत चालायला लागली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने सवयीने वर बघितलं.

"आई, आज छान पिवळं आलंय," ती म्हणाली.

पिवळीताईने मान वर केली. उन्हं उतरली होती, खिडकीवर तिरपा उजेड पडला होता, आणि पेनस्टँडमधल्या नळीत लख्ख पिवळं पाणी उभं होतं.

दारात कुणीही नव्हतं. फक्त टेलरमावशी आपल्या पायरीवर बसून दोरे गुंडाळत होत्या. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आलीस? बाई, सकाळी तू ते थेंबांचं म्हणालीस ना, तेच डोक्यात बसलं. दिवसभर शिलाईत लक्ष नाही. आता मुद्दाम लांबचा चष्मा लावून बघून आले. पिवळं आहे."

"मावशी—"

"तीन आठवडे उकळून उकळून पाजतेय पोरीला. कोमट पाणी नको म्हणून रडते गं ती. आज म्हटलं, खिडकीत पिवळं आहे तर काय करायचंय उकळून. ग्लासभर गार दिलं नळाचं. घटाघटा प्यायली." मावशी हसल्या. "आता दुसरा मागतेय."

तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला घराकडे वळवलं आणि स्वतः तिच्या मागोमाग आत गेली. नवरा टेबलापाशी पेपर उघडून बसला होता. स्वयंपाकघरात नवा नळ चकाकत होता. प्लंबर येऊन गेला होता. कॅन कुठे दिसत नव्हता.

"मीच केली परत," तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला. "नव्या नळावर. आलं पिवळं."

बोलण्यासारखं जे होतं ते दुपारी बोलून झालं होतं, आणि आता जे उरलं होतं ते त्याच्याशी बोलायचं नव्हतं. तिने खिडकीतली नळी काढली, सिंकमध्ये ओतली, नळी पेटीत ठेवली. थेंबांची बाटली पेटीत आहे ना बघितलं. पेटी बंद करून ती समोर गेली.

मावशी आत ग्लास भरत होत्या. नळाखालचा ग्लास तिने त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"थांबा, मावशी. आधी हे."

तिने पेटी शिलाई मशीनवर, कापडाच्या घडीशेजारी उघडून ठेवली.

"पोरीला दाखवते म्हणाले होते ना. पण मी नाही करणार. तुम्ही करा. यापुढे माझ्या खिडकीत बघायचं नाही, तुमच्या नळाचं तुम्ही बघायचं."

"अगं, मला कुठे येतंय?"

"सुईत दोरा ओवता ना? मग हे सोपं आहे. नळी भरा. या रेघेपर्यंत."

मावशींनी चष्मा बदलला. नळी भरली, रेघेवर पाणी आणायला दोनदा ओतून पुन्हा घेतलं, शिवणारी बाई ती, मापाला पक्की. नात कॉटवर उठून बसली. दारात सावली पडली. नवरा येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता, घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

"या साहेब," मावशी म्हणाल्या. "बघा तुमच्या बायकोनं मला कामाला लावलंय. किती थेंब?"

"पाच," ती म्हणाली.

"एक," पोरगी कॉटवरून मोजायला लागली. "दोन. तीन. चार. पाच."

मावशींनी बूच लावलं, नळी हलवली आणि दारातल्या उजेडाकडे धरली. त्या वाट बघत राहिल्या.

"वेळ लागतो का याला?"

ती नवऱ्याकडे बघत होती. मावशींनीही मग नळी तशीच धरून त्याच्याकडे मान वळवली. शेवटी पाण्याच्या कामातला माणूस तोच होता.

"साहेब? वेळ लागतो का हो?"

त्याने एकदा गल्लीत मागे वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "यायचा असता तर आत्ताच आला असता."

मावशींनी नळी खाली घेतली. बाजूला ठेवलेल्या ग्लासाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग त्याला काहीच न विचारता त्या तिच्याकडे वळल्या.

"मग तुझ्या खिडकीत कसा आला गं?"

तिला वाटलं होतं, या प्रश्नाला तो उत्तर देईल. तो उंबऱ्याकडे बघत उभा होता.

"सगळं सांगते," ती म्हणाली. "आधी पाणी उकळायला ठेवा."